ताऱ्यावरची तारीख

टॅरो क्रीक, साउथ ऑस्ट्रेलिया
२८ ऑगस्ट

प्रिय लेन,

तुझ्या बाजूचा गहू कसा आहे हे विचारत नाही, कारण तू सांगायचा नाहीस. फोनही करत नाही. तीस वर्षं धान्याच्या कोठारावर यंत्रांच्या आवाजात काढलीस, तुझे कान गेले ते गेलेच. म्हणून पत्र. शिवाय पाकिटातून पेनड्राइव्ह जातो, फोनमधून जात नाही, आणि आपल्या दोघांच्या गावचं इंटरनेट म्हणजे चोंदलेला नळ.

कामाचं बोलतो. तेरा जानेवारीला तुझ्या आणि ग्वेनच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. तुमच्या स्वयंपाकघरातल्या रिकाम्या भिंतीवर मला 'सत्तेचाळीस' लावायचाय. आपला लाडका तारकागुच्छ, चार फूट रुंद, अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर छापून. पत्र्याचं माझ्याकडे लागलं. जन्मभर पाण्याच्या टाक्यांसाठी पत्रे वाकवले, एक सरळ ठेवणं जमेल. तू तुझ्या अंगणातून पन्नास तासांची चित्रं घे, मी माझ्या अंगणातून पन्नास तासांची घेतो. एकेक मिनिटाची हजारो चित्रं एकावर एक रचली की चित्रातली दाणेदार खरखर मरते आणि तारे उरतात, हे तुला मी काय सांगणार. पण रचायचं काम मी करणार. तू रचलेस की गुच्छाचा मधला भाग उतू गेलेल्या दुधासारखा पांढराफटक होतो.

आता दुसरं. ग्वेनने एप्रिलपासून मला एक ओळ लिहिलेली नाही. फोनवर येत नाही. माझी सख्खी बहीण आहे, मला काळजी वाटणार. रागावली असेल तर तसं सांग. आईच्या वेळचं अजून मनात असेल तर तेही सांग. पण काहीतरी सांग. ऑड्रीचं म्हणणं, तिचा नवरा उगीच येरझाऱ्या घालून तिचा गालिचा झिजवतोय.

तुझा,
वॉली


बुंडेरिन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया
११ सप्टेंबर

प्रिय वॉली,

कल्पना चांगली आहे. सोबत पेनड्राइव्ह. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातले साडेनऊ तास. वारा होता, पहिली पंचवीसेक चित्रं हललीत, ती काढून टाक. मधल्या भागासाठी दहा दहा सेकंदांची वेगळी घेतलीत. उतू गेलेलं दूध तुझं तूच आवर.

गहू बरा आहे. लिंबाला फुलं आलीत. ग्वेन मजेत.

लेन


टॅरो क्रीक
३० सप्टेंबर

प्रिय लेन,

तुझे दोन्ही पेनड्राइव्ह पोचले, दुसरा परवाच. एकूण अठरा तास. चित्रं इतकी नेटकी की मला थोडा मत्सर वाटला, आणि हे मी पुन्हा लिहिणार नाही.

पण एका जागी घोडं अडलंय. गुच्छाच्या कडेला, खाली उजवीकडे, एक लाल तारा आहे. माझ्या चित्रांत तो बारीक आहे, तुझ्या चित्रांत ठळक. बाकी हजारो तारे तंतोतंत जुळतात. हा एकटाच जुळत नाही. दोघांची चित्रं एकत्र रचली की संगणक बिचकतो आणि त्या जागी काळ्या कडेचा एक घाणेरडा ठिपका उरतो, टाकीचं रिव्हेट निसटावं तसा.

मी कॅमेऱ्याची काच पुसली. तीनदा. डाग वजा करायला कोऱ्या उजेडाची चित्रं लागतात म्हणून ऑड्रीची उशीची खोळ दुर्बिणीच्या तोंडावर ताणली आणि उजाडताना शंभर चित्रं घेतली. ऑड्री अंगणात येऊन बघत उभी राहिली. म्हणाली, माणसं म्हातारपणी गोल्फ तरी खेळतात. मग विचारलंन, लेनच्या पत्रात ग्वेनचं काय? मी म्हटलं, मजेत. ती म्हणाली, हे मागच्या पत्रातही होतं.

बघितलं, तर होतं. त्याच्या मागच्याही पत्रात आहे. दोनच शब्द, तसेच्या तसे. लेका, तू कमी बोलतोस हे ठाऊक आहे, पण जिच्याबरोबर पन्नास वर्षं काढलीस तिच्याबद्दल दोनाचे चार शब्द कर. काय खाते, काय विणते, कोणाला नावं ठेवते? नाहीतर तिच्याच हातात पेन दे.

वॉली


बुंडेरिन
१४ ऑक्टोबर

प्रिय वॉली,

तो ठिपका तुझ्या फिल्टरमुळे असणार. जुना झाला की लाल रंग खातो. बदलून बघ.

तिसरा पेनड्राइव्ह सोबत. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, अकरा तास. कापणी सुरू झाली, धूळ आहे, तरी आकाश बरं मिळालं.

ग्वेनच्या मनगटाला जरा कळ आहे म्हणून लिहीत नाही. तुझ्यावर राग वगैरे नाही. लिंबं धरलीत. ग्वेन मजेत.

लेन


टॅरो क्रीक
५ नोव्हेंबर

लेन,

फिल्टर नवा आणला. तारा होता तसाच. म्हणजे दोष फिल्टरचा नव्हता. मग मी चार वर्षांची माझी सगळी जुनी चित्रं बाहेर काढली आणि चौकटीच्या कागदावर पेन्सिलने त्या एका ताऱ्याचा आलेख काढला. आठ दिवस जेवणाच्या टेबलावर कागदच कागद होते. ऑड्रीने दोनदा ताट माझ्या मांडीवर ठेवलं.

तो तारा श्वास घेतो, लेन. सव्वादोनशे दिवसांत फुगतो आणि विझत जातो, पुन्हा फुगतो. पुस्तकात बघितलं, तिथेही तसंच आहे. या वर्षी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तो विझलेला आहे. इथून बघ, तिथून बघ, कुठूनही बघ. आणि गेल्या वर्षी त्याच महिन्यांत तो कसा होता? ठळक. अगदी तुझ्या चित्रांत दिसतो तसा.

प्रत्येक चित्राच्या आत कॅमेरा तारीख लिहून ठेवतो. तू ती बदललीस. दोन हजारांवर चित्रांची तारीख बदलायला बसलास, एवढा उद्योग केलास. पण ताऱ्याच्या आत लिहिलेली तारीख बदलायची राहिली.

मी पत्र्यात भोक असलं की डांबर लावून विकणारा माणूस नव्हे, आणि तूही नव्हेस असं मला वाटत होतं. नव्या रात्री काढायचा कंटाळा आला होता तर तसं लिहायचं होतंस. वीस तास दिले असतेस तरी चाललं असतं. या छंदात आपण कोणाला फसवतो? बघणारे आपण दोघंच. निदान आपण तरी एकमेकांना खरं दाखवायचं होतं.

चित्रावर तुझं नाव घालू की नको, तू ठरव. आणि मनगटाची कळ हे मला पटलेलं नाही. ग्वेन लिहिते उजव्या हाताने, फोन धरते डाव्या हाताने.

वॉली


टॅरो क्रीक
२६ नोव्हेंबर

प्रिय लेन,

तीन आठवडे तुझं उत्तर नाही. मागचं पत्र मी रागात टाकलं. पोस्टाच्या पेटीत हात घालून काढता आलं असतं तर काढलं असतं.

काल फोन केला. बऱ्याच वेळाने उचलला गेला. ग्वेनचा आवाज. मी म्हटलं, "ग्वेन, मी वॉली."

ती म्हणाली, "वॉली घरी नाही," आणि फोन ठेवला.

मी ऑड्रीला सांगितलं तशी ती हसली. मग एकदम हसायची थांबली.

ताऱ्याचं सोड. चित्राचं सोड. काय चाललंय ते लिही. माझ्याने एका जागी बसवत नाही. सकाळपासून शेडमधली तीच ती हत्यारं लावून ठेवतोय आणि पुन्हा काढतोय.

वॉली


बुंडेरिन
४ डिसेंबर

प्रिय वॉली,

तू बरोबर ओळखलंस. सगळी चित्रं गेल्या वर्षीची. तारखा मी बदलल्या. त्या ताऱ्याचं माझ्या ध्यानात आलं नाही. ठाऊक होतं एकेकाळी, विसरलो.

मे महिन्यापासून मी एकाही रात्री बाहेर गेलेलो नाही.

मेमध्ये मी अंगणात होतो, दुसऱ्या एका गुच्छाची चित्रं घेत. ग्वेन माझ्या मागून फाटकाबाहेर गेली. मला ऐकू येत नाही, तुला माहीत आहे. फाटक करकरतं असं सगळे म्हणतात. ती हमरस्त्यावर सापडली, अंगात नाइटगाउन, पायात माझे बूट. धान्याच्या ट्रकवाल्याने आणून सोडली. त्या तासाभराची चित्रं माझ्याकडे आहेत. शेवटच्या तीनांवर ट्रकच्या दिव्यांचा झोत आहे. मी ट्रकवाल्याला हात करत होतो, उजेड बंद कर म्हणून. मग तो तिचा हात धरून उतरला.

त्याआधीपासून होतंच. नावं जायची, गॅस चालू राहायचा. मी समजत होतो, वय झालं.

पुढच्या आठवड्यात मी फाटकाला कुलूप घातलं आणि पुन्हा बाहेर गेलो. म्हटलं, तासभर. आत येताना कपाळावरचा, दुर्बिणीपाशी लावायचा लाल दिवा काढायचा राहिला. तिने अंधारात लाल उजेड चालत येताना बघितला आणि दाराआडून तव्याचा तडाखा दिला. खांद्यावर बसला. ती ओरडत होती, मला ऐकू आलं, कारण ती अगदी कानाशी होती. "लेन, लवकर ये, घरात माणूस शिरलाय." मदतीला मलाच हाक मारत होती, वॉली.

तेव्हापासून दुर्बिणीवर ताडपत्री आहे.

तुला का सांगितलं नाही, तेही लिहितो. तिला लख्ख आठवत होतं अशा एका सकाळी तिने मला शपथ घातली. तिचेच शब्द लिहितो: "वॉलीला कळलं तर तो सोमवारी येईल, आणि बुधवारी मी आईच्या जागी असेन."

तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. तू तेव्हा सगळं कसं पटापट उरकलंस, ती अजून सांगते. सोमवारी तू आलास, बुधवारी तुमची आई म्हाताऱ्यांच्या होममध्ये, शुक्रवारी घरावर विक्रीची पाटी. आई त्या खोलीत चार महिने जगली. ग्वेनला आजकाल कालचं आठवत नाही, हे आठवतं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, जुनी चित्रं पाठवली की तुला वाटेल, लेन रात्री बाहेर असतो, म्हणजे घरी सगळं ठीक आहे.

माझं नाव घालू नकोस.

लेन


टॅरो क्रीक
११ डिसेंबर

प्रिय लेन,

तुझं पत्र घेऊन मी शेडमध्ये गेलो आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आलो नाही.

आईचं मी चांगलं केलं अशी माझी समजूत होती. एका आठवड्यात सगळं मार्गी लावलं, कोणाला त्रास नको, असं मी लोकांना सांगत फिरलो. ग्वेन तेव्हा काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हणजे तिला पटलंय असं मी धरलं.

आता खरं सांगतो. हे पत्र लिहायच्या आधी मी काय केलं असेल? तुमच्या जिल्ह्यातल्या तीन होमचे फोन नंबर काढले. एका ठिकाणी जागा आहे का विचारलंसुद्धा. तुझं पत्र वाचून झाल्यावर, लेन. तिचे ते शब्द वाचून झाल्यावर. हात आपोआप गेला. ऑड्रीने कागद माझ्यासमोर फाडला आणि म्हणाली, बघ, ती तुला किती ओळखते.

मला यायचंय. तू म्हणशील तेव्हा येतो, नको म्हणशील तर येत नाही. असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय.

वॉली


बुंडेरिन
२० डिसेंबर

प्रिय वॉली,

ये. तेरा तारखेच्या आसपास ये.

दोन गोष्टी. आल्या आल्या कुठली कडी, कुठला नळ, कुठला दरवाजा नीट करायला घेऊ नकोस. आणि माझ्याशी तिच्याबद्दल बोलायचं असेल तर तिच्यासमोर बोलू नकोस. मला मोठ्याने सांगावं लागतं आणि तिचे कान चांगले आहेत.

ती तुला ओळखेल की नाही, सांगता येत नाही. दिवसादिवसावर आहे.

लेन


टॅरो क्रीक
२९ जानेवारी

प्रिय लेन,

घरी पोचलो. अडीच हजार किलोमीटर एकटाच गाडी हाकत आलो, वाटेत दोनदा झोपलो. तुमच्याकडे येताना राज्याच्या सीमेवर तपासणीवाल्यांनी ऑड्रीच्या मधाच्या बरण्या काढून घेतल्या होत्या, बाहेरचा मध आत नेऊ देत नाहीत, हे तिला आज सांगितलं. ती म्हणाली, तुला तीन दिवस गाडीत कोंडून ठेवायला मध ही फारशी किंमत नाही.

तू अंगणात घेतलेली चित्रं मी रचली. सव्वातीन तास. धूळ आहे, तुझा सराव थोडा सुटलाय, वाऱ्याने निम्मी हललीत. लाल तारा दोघांच्याही या महिन्यातल्या चित्रांत एकसारखा आहे. गेल्या वर्षीचीही मी फेकलेली नाहीत. त्यांची खरी तारीख त्यांना परत दिली आणि त्यांचं वेगळं चित्र केलं. छापून येतील तेव्हा दोन्हींवर दोघांची नावं असतील, यावर वाद नको. भिंतीला खिळा तू मार. मी मारायला घेतला तर भिंतच पुन्हा बांधेन.

यापुढचं असं. होमबद्दल, नर्सबद्दल, कशाबद्दलही मी काही ठरवणार नाही. तू ठरवशील, आणि तुला थकायला झालं की सांगशील. मार्चमध्ये पुन्हा येतो, मग मेमध्ये. प्रत्येक खेपेला आठ दिवस. तू संध्याकाळी अंगणात जायचं, मी आत थांबायचं. एवढंच माझं काम.

आता जे तुला तिथे सांगितलं नाही ते लिहितो.

चौदा तारखेला तू ताडपत्री काढून बाहेर गेलास. मी खिडकीचे पडदे ओढले आणि ग्वेनसमोर टेबलाशी बसलो. चार दिवस झाले होते आणि तिने मला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. तू म्हणालास, ती लाजतेय. मी म्हटलं, असेल.

तिने मला चहा ओतून दिला. कपात पाणीच होतं, मी प्यायलो. मग तिने विचारलं, "तुम्ही टाकी बघायला आलात ना?"

मी हो म्हटलं. खोटं नव्हतं, येताना तुमची टाकी बघितली होती. तळाशी गंजलीय. तुला सांगणार नव्हतो, सांगून गेलो.

ती म्हणाली, तिचा भाऊ टाक्या बनवतो. पूर्वेला, लांब. त्याच्यासारखा कारागीर त्या बाजूला नाही. पत्रा नुसता हातात घेतला की त्याला कळतं किती वाकेल. हे तिने मला जन्मात कधी तोंडावर सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, नाव ऐकलंय.

मग तिने खुर्ची जवळ ओढली आणि दाराकडे बघून आवाज खाली आणला. म्हणाली, "माझं डोकं हल्ली चालत नाही. लेन कोणाला कळू देत नाही, पण मला कळतं. तुम्ही त्या बाजूला जात असाल तर माझ्या भावाला सांगू नका हं."

माझा हात खिशाकडे गेला होता, रुमालासाठी. तिला वाटलं मी उठतोय. तिने माझी बाही धरली.

मी म्हटलं, "नाही सांगणार."

"शपथ?"

"शपथ."

तिचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. खांदे खाली आले. जरा वेळाने तिला वाटलं असावं की परक्या माणसासमोर भावाची बदनामी झाली. ती म्हणाली, "तो वाईट नाही. लहानपणी आजारी पडले की सगळी औषधं तोच आणायचा, धावत. पण आणून दिली की लगेच दुसरीकडे. माझ्याजवळ घटकाभर बसणं त्याला कधी जमलं नाही."

मला शेडमध्ये जायचं होतं. गाडी काढायची होती. तुझ्याकडे बाहेर येऊन काहीतरी हातात घ्यायचं होतं, काहीही, एखादा स्क्रू. मी खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली, लेन.

तू सव्वातीन तासांनी आत आलास आणि विचारलंस, एवढा वेळ काय केलंत दोघांनी? मी म्हटलं, काही नाही. तेच खरं होतं. मी बसलो होतो.

तुझा,
वॉली